लष्करी संगणकप्रणालींची खरेदी आणि तारापूरचा अनुभव

(बोईसर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



आजच्या वर्गासाठी हा विषय ठरला तेव्हा काही सहकाऱ्यांनी नापसंती दर्शविली. वनजमिनीचे दावे पडून आहेत, वसाहतीतील कंत्राटी कामगाराला हक्काचे वेतन मिळवून देणे अजून लढ्याचेच काम आहे, किनाऱ्यावर मच्छीमारांचे प्रश्न उभे आहेत. अशा वेळी लष्कराने संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास सॉफ्टवेअर म्हणतो ते, किती वेगाने विकत घ्यावे याची उठाठेव बोईसरच्या कार्यकर्त्यांनी का करावी, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे गैर नाही. पण परक्याचे तयार यंत्र घेतले आणि त्याची किल्ली परक्याकडेच राहिली म्हणजे पुढे काय होते, याचा दाखला शोधण्यासाठी आपल्याला दिल्लीला जावे लागत नाही. तो येथून काही मैलांवर समुद्रकाठी १९६९ पासून उभा आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संरक्षणाच्या खर्चाविषयी प्रश्न विचारला की ‘तुम्हांला देशाच्या सुरक्षिततेची पर्वा नाही’ असे म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. पालघरच्या हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला हे ऐकविण्यात अर्थ नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे पाच जण गोळीबारात पडले. सैनिकाच्या हाती चांगले साधन वेळेवर पडले पाहिजे, हे गृहीत धरूनच मी बोलणार आहे.

तर प्रश्न असा. तोफ ही एकदा घेतली की तोफच राहते. १९८६ च्या करारातून आलेली बोफोर्स तोफ १९९९ साली कारगिलच्या डोंगरांत कामी आली, तेव्हाही ती मूलतः तीच तोफ होती. सॉफ्टवेअरचे तसे नाही. रडार, क्षेपणास्त्र, ड्रोन, बिनतारी संदेशयंत्रणा यांच्या पोटात जी आज्ञावली असते, ती शत्रूने आपली चाल बदलली की बदलावी लागते. युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून जगाने हे पाहिले. ड्रोनचा संदेश अडविण्याची एक युक्ती निघते, काही आठवड्यांत तिच्यावर उतारा निघतो, आणि पुन्हा त्या उताऱ्यावर उतारा. आपली खरेदीची पद्धत मात्र तोफेच्या काळातली. सैन्याने गरज लिहावी, गुणवत्तेच्या अटी ठराव्यात, मंजुरी मिळावी, निविदा निघाव्यात, चाचण्या व्हाव्यात, किमतीची घासाघीस व्हावी, अर्थखात्याने शंका काढाव्यात, आणि मग सही. यात वर्षे जातात. तोफेच्या बाबतीत हा विलंब त्रासदायक असतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मागितलेली वस्तू हाती पडेपर्यंत ती मागण्याचे कारणच नाहीसे झालेले असते.

या विलंबाची किंमत माणसे मोजतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धहरान येथे इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. त्या जागेच्या रक्षणासाठी ठेवलेली पेट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिने स्कडवर मारा केलाच नाही. कारण अगदी क्षुल्लक वाटावे असे होते. यंत्रणेतील घड्याळ सेकंदाच्या दशांशाने वेळ मोजत असे आणि त्या मोजणीत प्रत्येक वेळी एक अतिसूक्ष्म चूक राहत असे. यंत्रणा शंभर तास अखंड चालू राहिल्यावर ही चूक साचून सुमारे एकतृतीयांश सेकंदाची झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. पेट्रियट आकाशात भलत्याच ठिकाणी पाहत राहिली. विशेष म्हणजे हा दोष इस्रायलने दोन आठवडे आधीच कळविला होता. १६ फेब्रुवारीला दुरुस्ती तयारही झाली. ती धहरानला पोहोचली २६ तारखेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात सैनिकांना एवढेच कळविले गेले होते की यंत्रणा फार वेळ सलग चालवू नका. फार वेळ म्हणजे किती वेळ, हे त्या सूचनेत नव्हते.

तेव्हा ‘घाई कशाला’ असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. फाइलींच्या राज्याची वकिली करणे हे आपले काम नव्हे. सही केली तर चौकशी होईल आणि न केली तर काही होणार नाही, हे गणित बोफोर्स प्रकरणानंतर दिल्लीच्या नोकरशाहीत पक्के बसले आहे. त्यातून भ्रष्टाचार किती थांबला हे संशोधनाचे काम आहे; निर्णय मात्र नक्की थांबले.

सरकारलाही हे दिसते. २००२ मध्ये खरेदीची पहिली कार्यपद्धती आली, २०२० मध्ये नवी आली, आणि २०२५ हे वर्ष संरक्षण मंत्रालयाने सुधारणांचे वर्ष म्हणून जाहीर केले. गलवाननंतर आणि ऑपरेशन सिंदूरनंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार सैन्यदलांना देण्यात आले. अमेरिकेतही हीच हवा आहे. तिच्या संरक्षण खात्याने २०२० मध्ये सॉफ्टवेअरसाठी खरेदीचा वेगळा मार्ग आखला आणि मार्च २०२५ मध्ये तेथील संरक्षणमंत्र्यांनी तोच प्रमुख मार्ग मानावा असा आदेश काढला. थोडे थोडे घ्या, वापरून पाहा, लगेच सुधारा, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडची वृत्तपत्रे आणि निवृत्त सेनाधिकारी या आदेशाचे गोडवे गातात आणि आपणही असेच करावे म्हणतात.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. अमेरिकेने घाई करणे आणि आपण घाई करणे या एकच गोष्टी नव्हेत. अमेरिकन सरकार ज्या कंपनीकडून आज्ञावली घेते ती अमेरिकन कायद्याखाली असते, तिचे तंत्रज्ञ त्याच देशाचे नागरिक असतात, आणि वाद झाला तर तो अमेरिकेच्या न्यायालयात चालतो. आपण जेव्हा घाईने खरेदी करतो तेव्हा विक्रेता बहुधा दुसऱ्या सार्वभौम सत्तेच्या अधिकाराखाली असतो. ती सत्ता कधी रुसेल हे आपल्या हातात नसते. हा माझा तर्क नाही, तारापूरचा इतिहास आहे.

तो इतिहास तपशिलाने सांगतो, कारण तरुण कार्यकर्त्यांना तो ठाऊक नसतो. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तारापूरला २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या बांधून, चालू करून द्यायच्या असे ठरले. किल्ली फिरविली की वीज, अशा पद्धतीचा तो सौदा होता. कंपनीशी करार १९६४ चा आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू. पाच वर्षे! आजच्या भाषेत याला जलद संपादनाचा आदर्श नमुना म्हटले गेले असते. आणि ते केंद्र देशातले पहिले होते, त्याने वीज दिली, आपल्या तंत्रज्ञांना शिकविले, हेही खरे आहे.

पण त्या करारात एक कलम होते. अमेरिका तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवील, आणि भारत तारापूरमध्ये अमेरिकेने दिलेल्या इंधनावाचून दुसरे इंधन वापरणार नाही. पुरवठा करण्याचे बंधन त्यांच्यावर आणि दुसरीकडून न घेण्याचे बंधन आपल्यावर. हिशेब बरोबरीचा वाटतो. १८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि ही बरोबरी संपली. १९७८ मध्ये अमेरिकेने आपला नवा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा केला. आपल्याशी झालेल्या करारानंतर पंधरा वर्षांनी केलेला कायदा त्यांनी आपल्या कराराला लावला. इंधनाची एकेक खेप वॉशिंग्टनमध्ये अडू लागली. सप्टेंबर १९८० मध्ये तारापूरच्या इंधनाचा प्रश्न अमेरिकेच्या सिनेटपुढे गेला आणि ४८ विरुद्ध ४६ मतांनी ते पाठविण्याचा निर्णय झाला. विचार करा: बोईसर-पालघरच्या किनाऱ्यावरच्या भट्टीत काय घालायचे याचा निकाल परदेशाच्या सभागृहात दोन मतांनी लागला. त्या मतदानात आपल्याला मत नव्हते. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे ठरले. फ्रान्सची मुदत १९९३ ला संपली, मग चीन, मग रशिया. वापरलेले इंधन मात्र येथेच साठत गेले, कारण अमेरिकेच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रक्रिया करता येणार नव्हती. सुटे भागही मिळेनासे झाले. २१० मेगावॅटच्या त्या भट्ट्यांची क्षमता पुढे १६० वर आणावी लागली.

लष्करी सॉफ्टवेअरच्या करारात युरेनियमच्या जागी मूळ आज्ञावली असते. विक्रेता आपल्याला यंत्राला समजेल अशी तयार प्रत देतो. माणसाला वाचता येईल, बदलता येईल, असा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, तो स्वतःकडे ठेवतो. मग प्रत्येक दुरुस्तीसाठी, प्रत्येक नव्या शस्त्राच्या जोडणीसाठी त्याच्याकडे जावे लागते. एफ-३५ या लढाऊ विमानाच्या विकासाचा खर्च उचलणाऱ्या ब्रिटनसारख्या मित्रराष्ट्रालाही त्याची मूळ आज्ञावली दिली जाणार नाही, असे अमेरिकेने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले. मित्राची ही गत, मग आपली काय असणार?

आपली गत आपण पाहिलेलीही आहे. हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे पुढे ज्याचे नाव तेजस पडले त्याचा, गाभा त्याच्या उड्डाणनियंत्रणाच्या आज्ञावलीत आहे. संगणक क्षणोक्षणी सावरत नसेल तर ते विमान हवेत स्थिर राहू शकत नाही. या कामासाठी आपले तंत्रज्ञ अमेरिकेत एका कंपनीबरोबर काम करीत होते. मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले, निर्बंध आले, आणि त्यांना परत यावे लागले. काम बंगलोरच्या प्रयोगशाळांनी पुरे केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमान उडाले. ते पुरे होऊ शकले याचे कारण, नियंत्रणाचे गणित मांडणारा आपला स्वतःचा गट १९९२ पासूनच कामाला लागलेला होता. तो नसता तर परत आलेल्या तंत्रज्ञांना कोणते काम पुढे न्यायचे हेच ठरले नसते.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. जुलै २०२५ ची गोष्ट घ्या. गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियन भांडवल आहे. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या. भारताने तिच्यावर कोणतेही निर्बंध घातलेले नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. इंधन थांबविण्यासाठी १९७८ साली कायदा करावा लागला, वर्षे लागली. आता बटण पुरते. रणांगणावरील तुकडीने त्या वेळी उच्च न्यायालयात जायचे काय?

याला उपाय आहे, आणि तो आपल्याकडे झालेलाही आहे. नौदलाने १९७८ मध्ये शस्त्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकमेकांशी जोडण्यासाठी स्वतःची संस्था उभी केली. माझगाव गोदीत बांधलेली ‘गोदावरी’ ही युद्धनौका डिसेंबर १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे होती, पाश्चात्त्य बनावटीची इलेक्ट्रॉनिक उपकरणे होती आणि भारतीय यंत्रेही होती. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या या यंत्रांना एका नौकेवर नांदविण्याचे काम गणवेशातल्या आणि सरकारी सेवेतल्या आपल्या माणसांनी केले. नौदल या बाबतीत भूदल आणि वायुदल यांच्या पुढे राहिले याचे श्रेय मी तरी या निर्णयाला देतो.

पुण्याचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. अमेरिका हवा तो महासंगणक देईना, म्हणून १९८८ मध्ये तेथे सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. तीन वर्षांत. हवाई संरक्षणाच्या ‘आकाशतीर’ या प्रणालीचा १,९८२ कोटी रुपयांचा करार भारत इलेक्ट्रॉनिक्सशी मार्च २०२३ मध्ये झाला आणि मे २०२५ मध्ये ती प्रत्यक्ष संघर्षात वापरली गेली.

खुद्द तारापूरचा दाखला याहून बोलका आहे. तिसरी आणि चौथी भट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, पूर्णपणे भारतीय आराखड्याची. बांधकाम २००० मध्ये सुरू झाले, चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये वीज देऊ लागली. जनरल इलेक्ट्रिकला पाच वर्षे लागली, आपल्याला पाच-सहा. इंधन नैसर्गिक युरेनियमचे, सिनेटला विचारण्याची गरज नाही. पण हा वेग २००० साली एकाएकी आलेला नव्हता. राजस्थान, कल्पक्कम, नरोरा, काक्रापार येथे तीस वर्षे एकाच पद्धतीच्या भट्ट्या बांधून, चुकून, दुरुस्त करून तो त्या माणसांच्या हातात साठला होता. आज खरेदीच्या नियमांवर जी चर्चा चालते तिच्यात या माणसांचा उल्लेखच नसतो.

मात्र तारापूरच्या याच वेगाची दुसरी बाजू येथल्या लोकांनी भोगली. या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविण्यात आली. राष्ट्रीय निकड म्हणून जमीन झटपट गेली. पुनर्वसनासाठी मात्र न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सरकारची घाई कोठे असते आणि कोठे नसते, हे त्या गावांतल्या माणसाला विचारावे. निकडीच्या नावाखाली हिशेब आणि तपासणी बाजूला पडू लागली की आपले कान टवकारले पाहिजेत, ते यासाठी.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत तपासणी वगळण्याचा मोह फार मोठा असतो, कारण दोष डोळ्यांना दिसत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक सदोष सुधारणा एकदम पाठविली. जगभरचे सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. हे कोणा शत्रूचे कृत्य नव्हते. सुधारणा थोड्या संगणकांवर आधी चालवून पाहिली असती तर एवढे घडले नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्करासाठीच्या सुमारे ४०० ड्रोनचे करार त्यांत चिनी भाग असल्याच्या कारणावरून रद्द झाल्याचे वृत्त आले. आत काय आहे हे करारानंतर कळणार असेल, तर सहीपर्यंत वाचविलेल्या वेळाचा काय उपयोग? आणि ‘तपासनीस म्हणजे अडवणूक’ ही भाषा आपल्याला नवी नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराने ती आपल्या मालकांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकली आहे. जानेवारी २०२० च्या स्फोटात त्याच वसाहतीत आठ माणसे गेली.

स्वदेशी हा शब्दही जरा जपून वापरावा. परदेशी पेटी आणून तिच्यावर आपल्या कंपनीची पाटी लावणे याला स्वदेशी म्हणण्याचा प्रघात आहे. कंपनी खाजगी असो की सार्वजनिक, त्याने फरक पडत नाही. सार्वजनिक क्षेत्राचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. संरक्षण संशोधन संस्थांचे प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळले, याचे समर्थन निर्बंधांकडे बोट दाखवून सर्वस्वी होत नाही. दुसरीकडे, ज्यांच्या डोक्यातून हे काम व्हायचे त्या प्रोग्रॅमरांना अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवायचे, कंत्राट संपले की त्यांनी परदेशी कंपनीत जायचे, आणि मग आपल्याच माणसाने लिहिलेली आज्ञावली आपण डॉलरांत विकत घ्यायची, हा व्यवहार कोणत्या शहाणपणात बसतो? वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराचा आणि या सुशिक्षित कंत्राटी कामगाराचा प्रश्न मला तरी वेगळा वाटत नाही. फिटर कायम असेल तर त्याला यंत्राचा आवाज ओळखू येतो. आज्ञावलीचेही तसेच आहे. जो ती दहा वर्षे सांभाळतो त्याला तिचा दोष एका दिवसात सापडतो.

म्हणून जलद खरेदीच्या मागणीला विरोध करू नये, तिला अटी घालाव्यात, असे मी सुचवितो. लष्करी प्रणालीच्या कोणत्याही करारात मूळ आज्ञावली आणि ती बदलण्याचा हक्क भारत सरकारकडे असावा. जेथे हे अशक्य असेल तेथे ती वस्तू घेताना संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला, गुप्तता राखून का होईना, तसे लेखी कळविले जावे. तिन्ही दलांत नौदलाच्या धर्तीवर आज्ञावली लिहिणारे आणि तपासणारे कायम सेवेतले मनुष्यबळ असावे, आणि त्यात आयटीआय व पदविका घेतलेल्या मुलांनाही वाट असावी. हे काम केवळ आयआयटीवाल्यांचे आहे ही समजूत खोटी आहे. तातडीच्या अधिकाराखाली झालेली खरेदी महालेखापरीक्षकांच्या तपासणीतून सुटता कामा नये. तपासणी नंतर व्हावी, पण व्हावी. आणि छोट्या गटांनी सरकारी स्पर्धेत जिंकलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळावेत. देयक थकल्याने बुडणाऱ्या छोट्या उद्योगांविषयी बोईसरच्या लोकांना मी काही सांगायला नको.

पुढील अधिवेशनापूर्वी आपल्या खासदारांना द्यावयाच्या निवेदनात आपण एवढेच दोन प्रश्न घालू. गेल्या पाच वर्षांत तातडीच्या अधिकारांखाली घेतलेल्या प्रणालींपैकी कितींची मूळ आज्ञावली भारत सरकारच्या ताब्यात आहे? आणि पुरवठादाराने उद्या सेवा बंद केली तर त्यांपैकी किती प्रणाली आपली माणसे स्वतः चालवू आणि दुरुस्त करू शकतील? निवेदनाचा मसुदा दुपारच्या सत्रात वाचला जाईल. त्यात फेरफार सुचवायचे असतील त्यांनी ते लिहून द्यावेत.